उस्ताद ‘नाही’ म्हणतात तेव्हा

देवगिरीत तुम्ही पोचता तेव्हा चांदमिनार दिसत नाही. तो उभा राहायला अजून दोनशे वर्षं आहेत, आणि या गावाला दौलताबाद म्हणणारा सुलतानही अजून जन्मलेला नाही. साल १२३५ च्या आसपास. गादीवर यादव राजा सिंघण. तुम्ही उभे आहात श्रीकरणाच्या, म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराच्या ओसरीवर. आत लेखक मंडळी जमाखर्चात बुडालीत. तुमच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. कचेरीची ही रीत तेव्हाही वेगळी नसावी.

या दप्तराचे मुख्य शार्ङ्गदेव. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या पदरी राहिले आणि मुलगा श्रीकरणाधिप झाला. पगार आकड्यांचा, ओढ गाण्याची. त्यांचा ‘संगीतरत्नाकर’ पुढे देशभर पाठ केला जाईल, त्यावर टीका लिहिल्या जातील. त्या ग्रंथात एका ठिकाणी हिशेबनीस मान वर काढतो, आणि तेच पाहायला तुम्ही इतक्या लांब आलात.

ओसरीच्या टोकाला एक विद्यार्थी धूळपाटी घेऊन बसलाय. पाटीवर त्याने रकाने आखलेत. पहिल्याला एक घर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, असे सात रकाने. हा खंडमेरू. पहिल्या घरात १. दुसऱ्या रकान्यात ० आणि १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. सातव्यात आकडे ७२० च्या उडीने वाढत ४३२० वर थांबतात. शेजारी खड्यांची छोटी रास. ग्रंथात त्यांना लोष्टक म्हटलंय.

तुम्ही मनात येतील ते चार स्वर सांगा. ग सा म रे. चार स्वरांचे एकूण क्रम २४. यादी सा रे ग म पासून सुरू होते आणि म ग रे सा वर संपते. तुमचा तुकडा त्यात कितवा?

मुलगा तुकड्याच्या शेवटाकडून निघतो. शेवटी आहे रे. मूळची सा रे ग म ही ओळ मागून मोजली तर म, मग ग, मग रे. म्हणजे चौथ्या रकान्यात खडा दोन घरं खाली, १२ वर. रे बाद. उरले सा ग म, आणि तुकड्यात आता शेवटी म. मागून पहिलाच, म्हणून तिसऱ्या रकान्यातला खडा हलत नाही, ० वरच. उरले सा आणि ग. शेवटी सा, एक घर खाली, १. पहिल्या रकान्याचा १ ठरलेलाच. बारा, शून्य, एक, एक. चौदावा.

खात्री करायची तर धुळीत चोवीस ओळी लिहून काढा. चौदावी ओळ ग सा म रे हीच निघेल. उलटही चालतं: फक्त ‘चौदा’ म्हणा, तो चौदाचे तुकडे पाडतो, खडे ठेवतो आणि स्वर परत मिळवतो. तुकड्यावरून क्रमांक काढणं हे उद्दिष्ट, क्रमांकावरून तुकडा काढणं हे नष्ट. सात स्वरांचे क्रम ५०४०. मूर्च्छनांचे, म्हणजे स्वरसप्तकांचे, भेद धरले ५६, म्हणजे सातही स्वरांच्या कूटतानांची, अर्थात क्रम उलटापालट करून काढलेल्या तानांची, संख्या २,८२,२४०. एवढी यादी लिहायला ताडपत्रं पुरणार नाहीत, आणि लिहायची गरजही नाही. जी तान हवी तिचा क्रमांक सांगा, खडे तिला हजर करतील. संगणकशास्त्राच्या वर्गात आज ही युक्ती लेमर कोड या नावाने शिकवतात.

इथे ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असा शंख फुंकायचा मोह होतो. तो आवरा. शार्ङ्गदेवांना स्वतःला या यादीची भूल पडलेली नाही. जाती सांगायची, राग सांगायची वेळ आली की ते खडे बाजूला सारतात आणि भलतंच विचारू लागतात: ग्रह म्हणजे आरंभाचा स्वर कोणता, अंश म्हणजे प्रमुख स्वर कोणता, न्यास म्हणजे शेवट कुठे, कोणता स्वर पुन्हा पुन्हा येतो, कोणता जेमतेम शिवून सोडायचा. अडीच लाखांहून जास्त तानांपैकी रागात कोणत्या चालतील, याबद्दल खंडमेरू मुका आहे. हिशेबनिसाला हे नेमकं कळलं होतं की मोजदाद हे एक काम आणि पारख हे दुसरं. पुढची सातशे वर्षं ज्यांनी ज्यांनी यंत्राकडून संगीत करवून घ्यायचं म्हटलं त्यांची गाडी याच जागी अडली.

त्यातला एक थांबा तुम्हाला टाळता येणार नाही. ९ ऑगस्ट १९५६, अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ. सभागृहात दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. वादक माणसं, रचना ‘इलियाक’ या संगणकाची. यंत्राचं वजन पाच टन, पोटात २८०० निर्वात नळ्या. आज्ञा द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. लेजारेन हिलर मुळात रसायनशास्त्राचा माणूस, पण प्रिन्स्टनला शिकताना रचनेचे धडेही घेतलेला. लिओनार्ड आयझॅक्सन त्याच्या जोडीला. यंत्र आकडा उचलतं, आकडा म्हणजे स्वर. तो नियमात बसला तर ठेवायचा, नाही तर टाकून दुसरा उचलायचा. वाट अगदीच खुंटली तर सगळी चाल पुसून पहिल्यापासून. रेणूंच्या गणितात यादृच्छिक आकड्यांची जी पद्धत वापरतात तीच इथे सुरांना लावलेली.

आणि नियम कुठले? योहान योझेफ फुक्स याने १७२५ साली व्हिएन्नात छापलेल्या पाठ्यपुस्तकातले. गुरुशिष्यांच्या संवादातून शिकवलेलं काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक चाली चालवायचं तंत्र, पिढ्यान्‌पिढ्या युरोपातल्या मुलांनी गिरवलेलं. त्यामुळे ‘इलियाक सूट’चे सुरुवातीचे भाग ऐकताना तुम्हाला वाटतं, पोरगं अभ्यासू आहे. कुठे चुकत नाही. कुठे काही सांगतही नाही. शेवटचा भाग, जो त्या संध्याकाळी वाजलाच नाही, मार्कोव्हच्या साखळीवर बांधला गेला: पुढचा स्वर कोणता, याची शक्यता मागचा स्वर ठरवतो. तो जास्त विचित्र आहे आणि माझ्या मते जास्त प्रामाणिकही. पण खरी अडचण यंत्राची नव्हे. चाळणी छापील होती. पुस्तकात जे लिहिलंय ते यंत्राला मिळालं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या कानाला जे कळत होतं आणि लिहायचं सुचलं नाही, ते मिळायला वाव नव्हता. फुक्सला जाऊन दोन शतकं उलटली होती.

म्हणून आता लखनौला चला. इथे जरा मांडी ठोकून बसायचंय.

१९८० च्या दशकाचा पूर्वार्ध. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून आलेला जेम्स किप्पन १९८१ पासून उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकतोय. आफाक हुसेन म्हणजे लखनौ घराण्याचे खलिफा, घराण्याचे प्रमुख. याच गावात १९२६ साली आपले भातखंडे मॅरिस कॉलेज काढून बसले होते आणि याच घराण्यातले आबिद हुसेन तिथे तबला शिकवत. मुंबईचे वकील असलेल्या भातखंड्यांनी रागांना दहा थाटांच्या कप्प्यांत घातलं, शेकडो चिजा कागदावर उतरवल्या. तबल्याचे कायदे मात्र बऱ्याच अंशी घरातच राहिले, बापाच्या हातून मुलाच्या हातात.

किप्पनची अडचण साधी होती. उस्ताद बोल पढतात तो वेग पेन्सिलीला झेपत नाही. त्याचा फ्रेंच मित्र बर्नार्ड बेल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकातला जाणकार, त्याने ऍपल कंपनीच्या छोट्या संगणकावर एक सोय करून दिली: एक कळ दाबली की एक बोल. धा ला एक कळ, तिट ला एक, गे ला एक. शब्द टंकायच्या प्रणालीला वर्ड प्रोसेसर म्हणतात, तर हा बोल प्रोसेसर. इथवर ही नुसती टंकलेखनाची सोय. पण बोल अक्षरांच्या रांगेत बसले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. भाषेला व्याकरण असतं, तर या रांगेला का नसावं?

समजा आज कीबोर्डवर बसायची पाळी तुमची आहे. उस्ताद एक कायदा सांगतात. तबल्याशी ओळख नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: कायदा म्हणजे एक मुखडा, आणि त्याच्याच बोलांची उलटापालट करून काढलेले पलटे. बाहेरचा बोल आत येता कामा नये. मुखड्याचे दोन अर्ध. पहिल्यात डग्गा खुला घुमतो, ही भरी. दुसऱ्यात तोच मजकूर परत येतो, पण डग्गा मिटलेला, ही खाली. धा चा होतो ता, गे चा के, धिं चा तिं. तिट मुळातच डग्ग्याशिवाय वाजतो, तो तसाच राहतो. म्हणजे ‘धागे तिट’ चं खालीतलं रूप ‘ताके तिट’.

तुम्ही हुरळता. केवढं सोपं! एक बदलसूची, एक नियम. पहिल्या अर्धाला अ म्हणायचं. दुसरा अर्ध म्हणजे परत अ, वर एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ ‘डग्गा मिटा’. बेलच्या प्रणालीत अशी सोय खरोखरच आहे. एका कंसात जे येईल तेच पुढच्या जोडकंसात हुबेहूब यावं, आणि चांदणी असेल तर सूचीप्रमाणे बदलून यावं, असं सांगता येतं. मुखड्याची ओळख जपायला याहून नेटका उपाय नाही, कारण पलट्यात काय येणार हे ठाऊक नसतानाही ‘इथे जे येईल तेच तिथे’ हे आधीच बजावून ठेवता येतं.

कळ दाबा. यंत्र एक पलटा काढतं. तो उस्तादांना वाचून दाखवला जातो.

उस्ताद मान हलवतात. नाही.

का नाही? विचारून पाहा. तबल्याच्या घरात ‘का’ चं उत्तर बहुधा हातानेच मिळतं. बरोबर काय ते वाजवून दाखवतात आणि तुमच्याकडे बघतात, म्हणजे तुम्ही समजायचं. दोनदा ऐकल्यावर ध्यानात येतं. पहिल्या अर्धाची अखेर ‘तिना’ वर होते, म्हणजे डग्गा खाली सुरू होण्याच्या आधीच मिटायला लागलाय. आणि दुसरा अर्ध ता ता करत निघतो खरा, पण मध्यावरच धा परत येतो आणि अखेर ‘धिना’ वर होते. खाली एका चौकटीत बसत नाही, ती थोडी आधी शिरते आणि थोडी आधी निघून जाते, त्यामुळे समेवर येताना डग्गा पुन्हा खुला असतो. तुमच्या चांदणीने सगळा दुसरा अर्ध मिटवून टाकला होता. आता अ चे दोन तुकडे करा, चांदणी फक्त पहिल्यावर ठेवा, अखेरच्या बोलांसाठी वेगळा नियम लिहा.

पुन्हा कळ. पुन्हा नाही. या खेपेला यंत्राने तिरकिट मधोमध तोडून त्यात धा घातलाय. बोलांची संख्या जुळते, मात्रा जुळतात, पण हात अडतो. कागदावर चार अक्षरं, बोटांना मात्र ती एकच हालचाल. म्हणजे व्याकरणाची अक्षरं बोल नव्हेत. बोलांचे गट ही अक्षरं. हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज कुणाला पडली असती? घरातलं पोर अशी चूक करतच नाही, त्याची बोटं करूच देत नाहीत. अशी चूक फक्त हात नसलेल्यालाच सुचू शकते, आणि म्हणूनच ती मोलाची.

सत्र असंच चालतं. कधी यंत्र भलतंच काढतं, तेव्हा नियम आवळायचा. कधी उलट. उस्तादांनी नुकताच वाजवलेला पलटा तुम्ही टंकता आणि यंत्राला विचारता, हा तुझ्या व्याकरणात बसतो का? यंत्र नाही म्हणतं. आता मान हलवायची पाळी तुमची, कारण चूक उस्तादांची असणं शक्य नाही. नियम सैल करायचा. बेलची प्रणाली दोन्ही कामं करत असे, पलटे काढणं आणि दिलेला पलटा तपासणं, आणि माझ्या लेखी तिची खरी हुशारी या दुसऱ्या कामात होती. इलियाकच्या नियमांना असं कुणी खोटं पाडत नव्हतं.

मग एक तिसराच प्रकार येतो आणि तो सगळ्यात छळतो. पलटा नियमात बसतो. हाताला बसतो. तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. चूक नाही, पण कुणी वाजवणारही नाही. त्यासाठी बेलने नियमांना वजनं दिली. अमुक वाट जास्त वेळा घ्यावी, तमुक क्वचित. वजनं आणायची तर उस्तादांचे पलटे व्याकरणातून चालवून पाहायचं, कोणता नियम किती वेळा कामी आला. तुम्हाला वाटतं, मार्कोव्हच परत आला. काहीसं तसंच आहे. फरक एवढाच की ही शक्यता सुरामागून सूर अशी मोजलेली नाही, तर रचनेच्या वरच्या मजल्यावर, मुखड्याचे तुकडे कसे पडतात तिथे मोजलेली आहे.

उन्हाळा असेल तर मध्येच वीज जाईल आणि यंत्राची आठवण तिच्याबरोबर. उस्तादांची शाबूत राहील. ते विडा लावतील, तोवर तुम्ही वहीत नियम उतरवून घ्या.

पुढे दोघांनी आणखी एक पाऊल टाकलं. व्याकरण माणसाने का लिहावं, यंत्रानेच उदाहरणांवरून शोधावं, म्हणून ‘कवाइद’ नावाची प्रणाली केली. ती उस्तादांचे पलटे घेते, त्यांत वारंवार येणारे गट हुडकते, त्यावरून अंदाज बांधते आणि मग स्वतःच एखादा नवा पलटा पुढे करून विचारते: हा चालेल? उत्तर हो किंवा नाही. हे सारं १९८० च्या दशकातलं, हे विसरू नका. आज जी यंत्रं लाखो गाणी पचवून गाणं ओकतात, त्यांना असा प्रश्न विचारावा लागत नाही. कुणी नाही म्हणालं तर कोणता नियम चुकला हे त्यांना दाखवताही येत नाही. ती सुरेल असतील, माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्यांच्याशी भांडता येत नाही. बोल प्रोसेसरचा प्रत्येक नियम एका ओळीत लिहिलेला, आणि ओळीवर बोट ठेवून भांडता यायचं.

बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती मॅकिंटॉशवर आली तेव्हा तो तबल्यापुरता उरला नव्हता. मिडीवरून, म्हणजे वाद्यांना संगणकाशी जोडणाऱ्या संकेतांवरून, सिंथेसायझर वाजवायचा, रचनाकार त्यात आपले मुखडे आणि नियम लिहायचे. त्यातली एक सोय मला विशेष आवडते. महिरपी कंसात स्वल्पविराम देऊन दोन तुकडे लिहिले, एकात तीन घटक आणि दुसऱ्यात पाच, तर प्रणाली दोन्ही एकाच वेळात बसवते. हिशेब तिचा, तुम्ही फक्त कंस घालायचा.

हे वाचून कुणा मराठी वाचकाला जातं आणि लांब-आखूड ओळी एकाच चालीत बसवणाऱ्या ओव्या आठवल्या तर नवल नाही. योगायोग असा की बेलही तिथवर पोचला. १९९० च्या दशकात तो गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होता. त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि आज त्या ‘परी’च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या, ताब्यात आहेत.

तेव्हा शेवटची उडी मुळशी तालुक्यात घ्या. इथून पुढचं कुणी केल्याचं मी सांगत नाही; ही तुमची आणि माझी आगाऊगिरी. एक बाई ओवी गातेय. चाल एकच, पण पहिल्या ओवीची ओळ आखूड, पुढच्या ओवीची चांगली चार-पाच अक्षरांनी लांब. तिच्या गळ्याला त्याचं काहीच वाटत नाही. तुम्ही लॅपटॉप उघडता, दोन्ही ओळी महिरपी कंसात घालता. प्रणाली लांब ओळ त्याच वेळात कोंबते, सगळी अक्षरं सारखी आखडून. ते तुम्ही तिला म्हणून दाखवता.

बाई हसते. असं न्हाई, म्हणते, आणि गाऊन दाखवते. निम्मी अक्षरं तिने घाईने उरकलीत, आणि एका अक्षरापाशी सूर चांगला लांबवून वर ‘गं बाई’ आणखी घातलंय. जागा नाही म्हणून तुम्ही अक्षरं आखडत होतात, आणि ही जास्तीची घालतेय. लांबवलेलं अक्षर प्रत्येक ओळीत त्याच जागी येतं की जात्याच्या खुंट्यावरचा हात कुठे वळतो त्यावर ठरतं, हे अजून कळलेलं नाही. जात्याविना गायला सांगितलं तर ती जागा हलते का, हे आधी बघायचं. मग नियम लिहायचा.